मागच्या बाकावर बसणारा माणूस

या नोंदी माझ्याकडे आल्या त्या साडीच्या रिकाम्या खोक्यातून. सुरतेत जपून ठेवायची कुठलीही गोष्ट शेवटी साडीच्या खोक्यातच जाते: लाइटची बिलं, लग्नपत्रिका, पोरांचे दाखले. या खोक्यात चारेकशे पानं होती, सात-आठ हस्ताक्षरांतली. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांत शिकवणाऱ्या काही शिक्षक-शिक्षिकांनी घरी गेल्यावर लिहिलेली. काही फुलस्केपवर, पण बरीचशी दैनिक नोंधपोथीच्या पाठकोऱ्या बाजूला. दैनिक नोंधपोथी म्हणजे महाराष्ट्रात ज्याला टाचण म्हणतात ते. उद्या काय शिकवणार ते आज लिहायचं आणि साहेब आले की पुढे करायचं. पुढची बाजू साहेबांसाठी, मागची स्वतःसाठी. मी दोन्ही बाजू वाचल्या. एका पानावर पुढे लिहिलंय, ‘हातच्याची वजाबाकी, उद्दिष्ट साध्य.’ मागे लिहिलंय, ‘आज एकोणतीसपैकी सहा जणांना जमली. दशक सुटा का करायचा, हे मलाही नीट सांगता आलं नाही.’

हे पुस्तक त्या मागच्या बाजूंचं आहे.

संपादकांनी मला बजावलं, की नोंदींचं कौतुक करू नका, ते वाचक करतील. तुम्ही राज्याच्या धोरणाबद्दल लिहा. त्यांचं बरोबर आहे. नोंदी वर्गातल्या आहेत. त्या वर्गात हाच माणूस का उभा आहे, याच पगारावर का उभा आहे आणि महिन्यातले काही दिवस तो वर्गात का नसतो, हे सगळं वर्गाबाहेर ठरतं. गांधीनगरला ठरतं, दिल्लीला ठरतं, हल्ली न्यायालयातही ठरतं. मी त्या धोरणाच्या खालच्या टोकाला, शिक्षक म्हणून, पंचवीसहून जास्त वर्षं काढली. वरून ते कसं दिसतं याचा मला अनुभव नाही, त्यामुळे इथे जे येईल ते खालून पाहिलेलं असेल.

आधी गाव. सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या तीनशेच्या वर शाळा आहेत आणि त्या सात भाषांत चालतात: गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. हे काही कुणी भाषाप्रेमानं ठरवलेलं नाही. ज्या क्रमानं माणसं लूमवर आणि मिलमध्ये कामाला आली, त्या क्रमानं माध्यमं वाढत गेली. गंजाम जिल्ह्यातून ओडिया माणूस आला, तेलंगणातून विणकर आले आणि खानदेशातून आपण आलो. ताप्ती खोऱ्यातला रेल्वेमार्ग भुसावळ-जळगावकडून अमळनेर, नंदुरबार करत थेट उधन्याला येऊन टेकतो. गाडीतून उतरलेला माणूस पुढे फार लांब गेला नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम, पांडेसरा, इथेच राहिला. म्हणून मराठी शाळाही इथेच आहेत.

ही समिती ज्या कायद्यातून आली तो मुंबई राज्याचा १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली, पण कायदा दोघांनीही बरोबर नेला. महाराष्ट्रानं २०१३ नंतर आपली महापालिका-नगरपालिकांची शिक्षण मंडळं मोडीत काढली. गुजरातेत समिती अजून आहे, तिला स्वतःचा अध्यक्ष आहे, स्वतःचं अंदाजपत्रक आहे. शिक्षक कोण आणि किती, हा निर्णय मात्र राज्याचा. शाळा गावाची, शिक्षक राज्याचा, अशी ही वाटणी आहे, आणि पुढच्या बऱ्याच गाठी इथूनच पडतात.

सुरतेत शिक्षक घडवण्याचा विचार आजचा नाही. दुर्गाराम मेहताजी मुंबईला जाऊन शिक्षकी शिकून आले आणि सुरतेच्या सरकारी शाळेत लागले. मेहताजी म्हणजे आपला पंतोजी. १८४४ साली त्यांनी इथे मानवधर्म सभा काढली. तिच्या मुख्य पाच जणांची नावं द वरून सुरू होत, म्हणून लोक त्यांना पाच दद्दे म्हणत. त्यातला एक दद्दा मराठी होता: दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांची ओळख आहे ते. तेव्हा ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. इथून ते मुंबईला गेले ते नॉर्मल स्कूल चालवायला, म्हणजे गावोगावच्या शाळांसाठी शिक्षक तयार करायला. बाळशास्त्री जांभेकरांनी हे काम सुरू केलं होतं, १८४६ मध्ये ते अकाली गेले आणि काम दादोबांकडे आलं. एका व्याकरणकारानं शिक्षक घडवायचे, हे आज विचित्र वाटेल. मला वाटत नाही. मुलाची चूक नेमकी कुठून येते हे ज्याला कळतं, तोच शिक्षकाला काही सांगू शकतो, आणि व्याकरण म्हणजे दुसरं काय असतं?

सुरतेच्या शेजारी, नवसारी प्रांतात, तेव्हा बडोद्याचं राज्य होतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली महालातल्या काही गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लावलं. मुलं शाळेत आणणं हा कायद्याचा भाग होता, तो कडक होता आणि दंडही होता. पण तेवढ्या मुलांना पुरतील एवढे शिकलेले शिक्षक कायद्यानं उगवत नाहीत. पुढे शंभर वर्षांनी, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर, साऱ्या देशाला हाच अनुभव आला.

आणि तिसरं नाव ताराबाई मोडकांचं. राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजच्या त्या प्राचार्य होत्या. तिथून त्या भावनगरला दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांकडे गेल्या. पुढे बोर्डीला आणि कोसबाडला त्यांनी काय उभं केलं ते महाराष्ट्राला माहीत आहे, पण त्याची सुरुवात भावनगरला झाली होती, हे दोन्हीकडे विसरलं गेलं. गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’ आपण प्रयोगशील शिक्षकाची गोष्ट म्हणून वाचतो. मला ती एका अधिकाऱ्याचीही गोष्ट वाटते. तो अनोळखी माणसाला चौथीचा एक वर्ग देतो, एक वर्ष देतो आणि मधूनमधून येऊन बघतो. गोष्टीतला नायक सगळे लक्षात ठेवतात. तो साहेब कुणाच्या लक्षात राहत नाही.

शिक्षकाबद्दलचं सरकारी धोरण मला तीन जागी दिसतं. शाळेच्या दारात, म्हणजे आत कोणाला घ्यायचं. पगारपत्रकावर. आणि मागच्या बाकावर. पहिल्या दोन जागांवर आपण दोन्ही राज्यांत एवढी ताकद लावली, की तिसरीकडे जायला कुणाकडे वेळ उरला नाही. नोंदी वाचताना हे मला पुन्हा पुन्हा दिसत गेलं, आणि माझं म्हणणं तेवढंच आहे.

पगाराचं आधी सांगतो, कारण ते माझ्याच अंगावरून गेलंय. मी लागलो तेव्हा गुजरातेत विद्यासहायक योजना नवी होती. पाच वर्षं ठरलेला पगार, महिना २,५०० रुपये, भत्ते नाहीत. पांडेसऱ्यात लूमच्या खात्यावर संचा चालवणारा माझा मावसभाऊ माझ्याहून जास्त घरी आणायचा आणि सणाला माझ्या पोरांना कपडेही तोच घ्यायचा. तिकडे महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक आले. प्राथमिकला तीन हजार आणि तीन वर्षं. नावं बघा: सहायक, सेवक. शिक्षक हा शब्द दोघांनीही टाळला. आता रकमा सुधारल्या आहेत. महाराष्ट्रात २०२३ मध्ये प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला सोळा हजार झाले आणि इकडे विद्यासहायकाला त्याच वर्षी सव्वीस हजार. पण त्याच २०२३ मध्ये गुजरातेत ज्ञानसहायक आले, अकरा महिन्यांच्या करारावर, प्राथमिकला २१,००० रुपये. परीक्षा पास होऊन कायम भरतीची वाट बघणारी मुलं तेव्हा रस्त्यावर उतरली होती.

अकरा महिन्यांच्या माणसाकडून गुणवत्ता मागणं चूक आहे, असं म्हणून मी थांबलो असतो. पण हिशोब तेवढा सरळ नाही. बडोदा आणि मुंबईच्या महापालिका शाळांत २००१ ते २००४ च्या दरम्यान ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी कार्यक्रम चालला आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोजला. वस्तीतलीच, शाळा शिकलेली मुलगी, मानधन अगदी थोडं, मागे पडलेली पंधरा-वीस मुलं घेऊन दिवसाचे दोन तास बसायची. ना डी.एड., ना पीटीसी. त्या शाळांतल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. उलट इंडोनेशियानं २००५ च्या कायद्यानं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकांचा पगार जवळजवळ दुप्पट केला. शिक्षक सुखावले, जोडधंदे कमी झाले, मुलांच्या शिकण्यात मात्र फरक पडला नाही. म्हणजे पगार वाढवू नये? वाढवलाच पाहिजे. मावसभावानं घेतलेला शर्ट घालून वर्गात उभं राहणं कसं असतं ते मला विचारा. पण पगार हे शिक्षकाचं देणं आहे. ते चुकतं केल्यानं वजाबाकी शिकवता येत नाही.

त्या बालसखीकडे काय होतं, जे माझ्याकडे नव्हतं? तिच्याकडे काम एकच होतं. मुलं कुठे अडली आहेत तिथून सुरू करायचं, अभ्यासक्रम कुठे पोचलाय ते बघायचं नाही. माझ्यापुढे पाचवीचं पुस्तक होतं आणि निम्मा वर्ग दुसरीत होता.

आता दार. २३ ऑगस्ट २०१० ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेनं अधिसूचना काढली आणि शिक्षक व्हायला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. दीडशे गुणांची, पास व्हायला साठ टक्के. गुजरातेत पहिली ते पाचवीला टेट-१, सहावी ते आठवीला टेट-२, आणि भरतीच्या मेरिटमध्ये तिचं वजन मोठं. मी चाळणीच्या विरोधात नाही. ज्याला अपूर्णांक येत नाहीत त्यानं अपूर्णांक शिकवू नयेत, एवढं तर कबूल करावं लागेल. पण चाळणीची जाळी एवढी महत्त्वाची झाली, की लोक धान्याकडे बघेनासे झाले. महाराष्ट्रात २०१९-२० च्या टीईटीत गुण फिरवल्याचं पुण्याच्या सायबर पोलिसांनी उघड केलं आणि साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. दारावर एवढी किंमत लावली, की दार विकायला काढणारे आलेच.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, ही परीक्षा नोकरीत असलेल्यांनाही लावली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवकाश असेल तर दोन वर्षांत पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा. पाचहून कमी राहिली असतील तर रहा, पण बढती विसरा. या पुस्तकातल्या एका बाईंच्या नोंदी इथूनच बदलतात. आधीची पानं मुलांच्या नावांनी भरलेली आहेत, नंतरच्या पानांवर पियाजेच्या अवस्था आहेत. त्या एकदा लिहितात, की पियाजेच्या चारी अवस्था पाठ करता करता मी स्वतः पाचवीत गेले. वीस वर्षं वर्गात उभ्या असलेल्या माणसाला शिकवता येतं की नाही, हे कळायला त्याचा वर्ग बघावा लागतो. ते महाग पडतं, वेळ खातं, आणि बघणाऱ्यालाही काही यावं लागतं. कागदावरची परीक्षा स्वस्त. न्यायालयानं कायद्यात जे होतं ते वाचलं, त्यांच्यावर माझा राग नाही. कायदा करणाऱ्यांना वर्गात जाऊन बघायची सोय सुचली नाही, याचं वाईट वाटतं.

आमच्या बाबतीत दारालाही आणखी एक दार आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरात सरकारनं १३,८५२ विद्यासहायकांची भरती काढली. त्यात गुजराती माध्यमाच्या पाच हजार जागा पहिली ते पाचवीसाठी, सात हजार सहावी ते आठवीसाठी, आणि उरलेल्या १,८५२ ‘अन्य माध्यम’. त्या अन्य मध्ये आपण. मराठी माध्यमाचा शिक्षक कमी पडला तर शेजारच्या शाळेतून आणता येत नाही, कारण शेजारची शाळा तेलुगू असते. उलट पट घसरला की शिक्षक ओव्हर सेटअप होतो. महाराष्ट्रात त्याला अतिरिक्त म्हणतात, मला ओव्हर सेटअप हा शब्द जास्त खरा वाटतो, कारण माणूस तिथेच असतो, सेटअप त्याच्याखालून सरकतो. पट का घसरतो? कारण आईबापांनाही हिंदी आणि इंग्रजी माध्यमाची वाट दिसते. गुजरातीही आता सगळ्यांनाच शिकावी लागते: २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी कुठल्याही शाळेत ती सक्तीची आहे. ती मला गैर वाटत नाही. ज्या राज्यात भाकरी मिळते त्याची भाषा आली पाहिजे.

दारातून आत आल्यावर मोजमाप सुरू होतं. गुजरातेत २००९ मध्ये गुणोत्सव आला. मंत्री, सचिव, पोलीस अधिकारी, सगळे शाळाशाळांत पांगायचे आणि मुलांचं वाचन, लेखन, गणन तपासायचे. शाळेला श्रेणी, अ+ पासून ड पर्यंत. कल्पना चांगली होती, हे मी मनापासून म्हणतो. ज्या माणसानं पंचवीस वर्षं सरकारी शाळेचं दार पाहिलं नाही, तो जमिनीवर मुलांशेजारी बसायचा.

आम्ही काय केलं ते मात्र सांगायला हवं. मी काय केलं, असं म्हणतो. तिसरीचा वर्ग माझा. वाचता न येणारी आठ-नऊ मुलं होती. मी त्यांना भाषेच्या पुस्तकातलं प्रत्येकी एक पान वाटून दिलं आणि महिनाभर तेवढंच घोटून घेतलं. साहेब आले, पहिल्या पोराला पुस्तक दिलं, नेमकं त्याचंच पान निघालं, पोरगा झरझर वाचून गेला. मी घाम पुसला. साहेबांनी सहज पान उलटलं आणि म्हणाले, आता हे. पोरगा अगदी शांतपणे म्हणाला, “साहेब, हाई पान मनं नही. ते गणेशनं शे.”

साहेबांना अहिराणी येत नव्हती, पण गणेश हे नाव कळलं. त्यांनी गणेशला उठवलं. गणेशनं ते पान सुरेख वाचलं.

आमच्या वर्गाला चांगली श्रेणी मिळाली. गुणोत्सवाचा दोष मी त्यात धरत नाही, दोष माझाच होता. पण एवढं लक्षात आलं, की एक दिवस येऊन मोजणाऱ्याला शिक्षक नेहमी फसवू शकतो. २०१९ मध्ये गुणोत्सव २.० आला, त्यात वर्षभराची इतर अंगंही मोजायला घेतली. पुढे गांधीनगरला विद्या समीक्षा केंद्र उभं राहिलं, भिंतभर पडदे असलेलं. एप्रिल २०२२ मध्ये पंतप्रधानांनी त्याला भेट दिली. हजेरी ऑनलाइन झाली, एकम कसोटीचे, म्हणजे घटक चाचणीचे, गुणही ऑनलाइन झाले. सुरतेच्या तिसरीतल्या मुलाला वजाबाकी येत नाही, हे आता गांधीनगरला कळू शकतं. मात्र ते तिसरीच्या बाईंना आधीच माहीत होतं. त्यांना हवं होतं ते दुसरंच: दशक सुटा कसा करून दाखवायचा, हे कुणीतरी येऊन दाखवायला हवं होतं.

हजेरीवरून आठवलं. आपल्याकडचा सरकारी शिक्षक शाळेतच येत नाही, अशी एक समजूत शहरी मध्यमवर्गात आहे. २००३ मध्ये देशभर न सांगता भेटी देऊन पाहणी झाली होती, तेव्हा चारातला एक शिक्षक गैरहजर सापडला. पण महाराष्ट्रात हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आत होतं, देशात सगळ्यात कमी, आणि गुजरातेत सतरा. शिवाय त्यातले काही सरकारी कामासाठी बाहेर. शिक्षण हक्क कायद्याचं सत्ताविसावं कलम शिक्षकाला इतर कामं लावायला मनाई करतं आणि त्याच दमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळतं. या देशात निवडणूक कधी नसते? या नोंदींत ‘बीएलओ’, म्हणजे मतदारयादीसाठी घरोघर फिरणारा बूथ अधिकारी, हा शब्द इतक्यांदा येतो, की मी मोजणं सोडलं. २०२५ च्या शेवटी मतदारयाद्यांची फेरतपासणी लागली त्या आठवड्यांची पानं तर कोरीच आहेत.

आता मागचा बाक.

माझ्या नोकरीच्या नवव्या-दहाव्या वर्षी एक निरीक्षक आले. गुजराती गृहस्थ, निवृत्तीला आलेले. सहसा साहेब खुर्चीत बसतात, नोंधपोथी मागवतात, सही करतात, चहा घेतात. हे मागच्या बाकावर जाऊन बसले, दोन पोरांच्या मध्ये. मी चौथीला ‘माझे वडील’ या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या आणि लाल पेन घेऊन तपासत होतो. त्यांनी शेजारच्या पोराची वही ओढली. पोरानं लिहिलं होतं: ‘मना बाप मिलमा शे.’ मी त्या ओळीवर लाल रेघ ओढून वर सुधारून दिलं होतं: ‘माझे वडील मिलमध्ये आहेत.’ साहेब ते वाचत राहिले. मग मला हाक मारून विचारलं, की मास्तर, हे वाक्य चूक का आहे? मला तर पूर्ण समजलं.

समजणारच. मिलमा शे, आणि गुजरातीत मिलमां छे. आम्ही दोघंही बघत राहिलो. दहा वर्षं मी जी चूक लाल पेनानं कापत होतो, ती त्या पोराची अर्धी गुजराती होती. तो खानदेशातून जी बोली घेऊन आला होता, ती मराठीला एका बाजूनं आणि गुजरातीला दुसऱ्या बाजूनं लागून होती. दोन्हीकडे जायला त्याच्याकडे रस्ता होता आणि मी तो खोडत होतो. साहेबांनी खडू घेतला, फळ्यावर तीन उभे रकाने केले: घरात कसं म्हणतो, मराठी पुस्तकात कसं, गुजराती पुस्तकात कसं. वर्गातली मुलं पहिल्यांदा ओरडून ओरडून उत्तरं द्यायला लागली, कारण पहिल्या रकान्यात त्यांचं कुणीच चुकत नव्हतं. चाळीस मिनिटं गेली. शेरेबुकात त्यांनी एक ओळ लिहिली, चहा न घेता गेले आणि पुन्हा काही भेटले नाहीत. तीन रकाने मी निवृत्त होईपर्यंत वापरले.

पंचवीस वर्षांत मला किती प्रशिक्षणं झाली असतील? बरीच. राष्ट्रीय शिक्षण धोरणानं २०२० मध्ये वर्षाला पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अट घातली आहे, हल्ली बरंचसं मोबाइलवर होतं. त्यातून मी काही शिकलो नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण माझं शिकवणं ज्यानं बदललं तो अनुभव चाळीस मिनिटांचा होता आणि तो कुठल्याही पोर्टलवर नोंदला गेला नाही.

हे काम करायला माणूस नाही, असं नाही. गुजरातेत सीआरसी, म्हणजे शाळांच्या एकेका समूहाचे समन्वयक, आहेत, शहरात त्यांच्या वर यूआरसी. महाराष्ट्रात केंद्रप्रमुख आहेत आणि त्यांच्यावर विस्तार अधिकारी. १९८६ च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात डाएट, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या संस्था, उभ्या राहिल्या त्या याच कामासाठी. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी हेच केलं. बीटातल्या जिल्हा परिषद शाळांत स्वतः बसल्या, शिक्षकांना एकमेकांच्या वर्गात नेलं, आणि महाराष्ट्रभरातून शिक्षक ते बघायला येऊ लागले. पुढे २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं तेव्हा त्या अनुभवाचा हातभार लागला. मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो हा, की पद काही नवं नव्हतं. विस्तार अधिकारी प्रत्येक तालुक्यात असतो. बाईंनी त्या पदाचं काम वेगळ्या जागी बसून केलं.

मग इतरांना का जमत नाही? सीआरसी हाही मुळात शिक्षकच, परीक्षा देऊन काही वर्षांसाठी आलेला. त्याच्या मोबाइलवर दिवसभर माहिती मागणारे संदेश. गणवेश किती, शौचालयं किती, आधार जोडणी किती बाकी. तो शाळेत येतो तेव्हा त्याला वर्गात बसायला सांगणं म्हणजे टपालवाल्याला चार ओळी वाचून दाखव म्हणण्यासारखं आहे. त्याचं मन पुढच्या घरात असतं. सुरतेत तर एका सीआरसीच्या हद्दीत तीन-तीन माध्यमांच्या शाळा येऊ शकतात. तेलुगू वर्गात मराठी माणूस मागे बसून काय पकडणार?

राज्याला खरोखर काही करायचं असेल, तर मी म्हणेन, या एका माणसाचं काम सोडवा. माहिती गोळा करायला कारकून द्या. त्याच्याकडे शाळा कमी द्या आणि त्या त्याच्या भाषेतल्या द्या, मग त्या शहराच्या दोन टोकांना असल्या तरी चालेल. त्याला शेरेबुक द्या, श्रेणीपत्रक देऊ नका, कारण ज्याच्या हातात श्रेणी असते त्याच्यासमोर मी पानं वाटूनच देणार. आणि त्याला स्वतःला महिन्यातून दोन दिवस वर्ग घ्यायला लावा, नाहीतर तोही दोन वर्षांत साहेब होतो. याला नवी इमारत लागत नाही, भिंतभर पडदा लागत नाही. म्हणूनच बहुधा हे होत नाही; उद्घाटन कशाचं करणार?

या पुस्तकातल्या शिक्षकांनी वाट बघणं सोडून दिलं. सुरतेत महापालिकेच्या कितीतरी इमारतींत दोन शाळा भरतात, सकाळी एका क्रमांकाची, दुपारी दुसऱ्या क्रमांकाची. सकाळपाळीच्या बाई सुटल्यावर तासभर थांबतात आणि दुपारपाळीच्या सरांच्या वर्गात मागे बसतात. पुढच्या आठवड्यात सर तासभर लवकर येतात. आदेश नाही, भत्ता नाही. सुरुवातीला दोघंही एकमेकांचं नुसतं कौतुक करत होते, ती पानं मी संपादकांना गाळायला सांगितली. अकराव्या नोंदीपासून पुस्तक खरं सुरू होतं. त्या दिवशी वर्गात पोरं जास्त होती आणि बाईंना बाकावर जागा मिळेना, म्हणून त्या सगळ्यात मागे, कपाटाला टेकून खाली फरशीवर बसल्या. तिथून त्यांना दिसलं, की पुढच्या पोरांच्या डोक्यांमुळे फळ्याचा खालचा हातभर भाग दिसतच नाही. सर उदाहरणाची शेवटची पायरी नेहमी तिथेच लिहीत. मागच्या दोन रांगांची उत्तरं कायम एक पायरी आधी थांबलेली असत आणि सर त्यांना आळशी म्हणत. बाई स्वतःही सकाळी त्याच फळ्यावर तशाच लिहीत होत्या, नऊ वर्षं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून फळ्यावर खडूनं आडवी रेघ मारली. पुढे तिच्या जागी रंगाची पट्टी आली. पट्टीखाली आता फक्त वार, तारीख आणि पट लिहितात.